सासूबाईंची पेज

तिसरा महिना, दिवस चौथा

सासूबाई आज सकाळी गेल्या. चमच्याने पाणी घालत होते, ते गालावरून ओघळलं. शेवटचं बोलणं काल दुपारचं— "त्याला कळवू नकोस, सूनबाई. मागे त्याचे वडील आडवे आले. मला त्याच्या आड यायचं नाही."

आई गेल्याचं कळलं की ह्यांना परीक्षा सोडून परत यावं लागणार. मग तीन वर्षं सुतक, तोवर परीक्षा बंद. मागच्या खेपेला मामंजी गेले म्हणून राजधानीच्या वेशीतून माघारी फिरले होते. आता केस पांढरे व्हायला लागलेत. आणि लपवलेलं उघडकीला आलं तर पदवी जाते, फटके बसतात, नाव कायमचं काळं होतं.

मी लपवणार आहे. रडायचंसुद्धा हळू.

दिवस पाचवा

शवपेटी मागच्या खोलीत कधीची तयार होती. सासूबाई दर उन्हाळ्यात तिला लाखेचा नवा हात देऊन घ्यायच्या, सुताराशी भांडून! गेंग फू आणि मी, दोघांनीच त्यांना उचललं. नोकर माणूस, पण पोटच्या मुलासारखा रडला.

उद्या तो ह्यांचे उन्हाळी कपडे घेऊन कालव्याने राजधानीला निघेल आणि तिथेच राहील. म्हटलं, "आई बऱ्या आहेत, नीट जेवतात, एवढंच सांग."

"बाईसाहेब, मला खोटं बोलता येत नाही."

"मग थोडंच बोल."

दिवस सतरावा

रोज पेज करून सासूबाईंच्या खोलीत नेते आणि दार लावून मीच खाते. आज जरा घट्ट झाली. त्या काय म्हणाल्या असत्या ते खाता खाता सगळं ऐकू आलं.

शेजारच्या बियान काकू येऊन गेल्या. "दार किलकिलं तरी कर, लांबूनच बघते." म्हटलं, वैद्यांनी वारा लागू द्यायचा नाही म्हणून बजावलंय. तर म्हणतात, "सून असावी तर अशी. माझी तर नुसतं गरम पाणी देतानाही उसासे टाकते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथा महिना, दिवस दुसरा

उदबत्तीही लावता येत नाही. वास बाहेर जातो.

दिवस अठ्ठाविसावा

हे वसंतातल्या परीक्षेत पास झाले! आता फक्त राजवाड्यातली, खुद्द बादशहासमोरची. म्हणजे तीही एव्हाना होऊन गेली असेल.

पाचवा महिना, दिवस बारावा

पहिले. अख्ख्या साम्राज्यात पहिले!

घंटा बडवत बातमी आणणारे आले आणि घराचं नशीब पालटलं म्हणून रीतीप्रमाणे काठ्यांनी दाराची जुनी जाळी फोडली. सुतार सोबतच होता, त्याने लगेच नवी बसवली. दारावर लाल कागद चिकटवला. ज्या दारावर सुतकाचा पांढरा हवा होता, त्याच दारावर. "आईसाहेबांना बाहेर आणा!" सगळे ओरडत होते. मी म्हटलं, झोपल्यात.

म्हणे प्रश्न होता, आईबापांची सेवा हा राज्याचा पाया कसा. ह्यांचं उत्तर वाचून परीक्षकांचे डोळे पाणावले.

आत गेले. पेटीवर हात ठेवून सांगितलं, "सासूबाई, पहिला आला." आणि वेड्यासारखी उत्तराची वाट बघत उभी राहिले.

सहावा महिना, दिवस आठवा

हे रजा घेऊन निघालेत. आले की पहिला प्रश्न— आई कुठे आहे?

सांगू शकते, परवाच गेल्या. कुणाला कळणार? पण मग हे जन्मभर चुकीच्या दिवशी श्राद्ध घालतील आणि सासूबाई खऱ्या दिवशी उपाशी राहतील. खरा दिवस सांगावा, तर माझं खोटं ह्यांच्याही गळ्यात पडतं. आत्ता ह्यांचे हात स्वच्छ आहेत. माझा जीव त्याच एका गोष्टीवर तरलाय.

विचार करून डोकं फुटायची वेळ आली. काही ठरत नाही.

दिवस एकोणिसावा

हे आले. अख्खा गाव वाजतगाजत दारापर्यंत. आत आल्यावर आईबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

दार लावलं, लाल अंगरखा उतरवला. आत सुतकातला तागाचा सदरा. गळ्यापाशी घामाने काळा पडलेला, बगलेत विरलेला.

म्हणाले, "गेंग फू म्हणाला, आई नीट जेवते. मी विचारलं, काय जेवते? त्याला सांगता येईना."

मी विचारलं, "राजवाड्यातल्या परीक्षेला जायच्या आधी, की नंतर?"

"आधी."