टरबुजाचा संवेग

४ फेब्रुवारी, वर्धा
कॉलेजात फिजिक्सची एक कायम जागा निघाली. इतकी वर्षं तासिका तत्त्वावर झिजलो, आता आपलीच. संस्थाचालक भैयाजी स्वतः डेमो लेक्चर बघणार. जागा हुकली तर केळझरला सासऱ्यांच्या कृषी केंद्रात बसायचं. मेलो तरी बसणार नाही.

७ फेब्रुवारी
विषय ठरला: स्फोट आणि संवेग अक्षय्यता. टरबुजात दिवाळीचा उरलेला सुतळी बॉम्ब लावणार. फुटण्याआधी एकूण संवेग शून्य, फुटल्यावरही शून्य. फळ्यावर सगळेच लिहितात, फोडून कोण दाखवतो?

१० फेब्रुवारी
गच्चीवर रंगीत तालीम. वात विझली. टरबूज ओलं, सिद्धांताचा दोष नाही. तेच टरबूज खाता खाता बायको गंगा म्हणाली, भैयाजीले समोर नोका बसवू. गंगाला समजावलं, बेरीज शून्य म्हणजे धोका शून्य. तर म्हणे, "शून्य आहे तं फुटून काऊन राह्यलं?" आर्ट्सची आहे.

१३ फेब्रुवारी
उद्या डेमो. जेवण जात नाही. वर्गात समीक्षाने विचारलं, सर, संवेग शून्य राह्यते, पण एनर्जी तं शून्य नाई राहत ना? म्हटलं, ते पुढच्या धड्यात. पोरगी हुशार, पण सिलॅबस सोडून पळते.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी
वाजला. मोठे तुकडे हळू गेले, लहान तुकडे वेगाने, अगदी पुस्तकाप्रमाणे. लहान तुकडे पहिल्या रांगेत. भैयाजींचा पांढरा शर्ट, चष्मा, मिशा. मी ओरडलो, घाबरू नका सर, बेरीज शून्य आहे! हे बोलायला नको होतं. भैयाजींनी शिपायाला सांगितलं, "प्रेमदास, याले गेटबाहेर सोडून ये."

१५ फेब्रुवारी
गंगासमोर रडलो. तिने एका शब्दाने टोमणा मारला नाही, त्याने जास्त रडलो. राग उतरला की भैयाजी बोलावतील. इतका जिवंत डेमो दुसऱ्या कोणी दिला? फोन चार्ज ठेवतो.

१२ मार्च
नवे सर आले म्हणे. टिकणार नाहीत.

९ जून, केळझर
कृषी केंद्रात बसतो आहे. तात्पुरता. सासरे जेवायला गेले असताना दुकानाचा फोन वाजला. आवाज लगेच ओळखला. भैयाजी! इथला नंबर शोधून काढला म्हणजे काय ते समजलोच. उठून उभा राहिलो. म्हटलं, बोला सर.
त्यांनी विचारलं, सोयाबीनचं बियाणं आलं काय?
आलं म्हणालो. त्यांच्या नावाने बॅगा बाजूला काढून ठेवल्या.