नम्र तक्रारी

३ मार्च

नाही म्हणाले! माझा अभ्यासक्रम बघितला, आवडला, ‘मांडणी सुरेख’ वगैरे — आणि नाही! का, तर मराठीची जागा भरलेली आहे.

आमचा सगळा धंदा ज्या फ्रेमवर्कवर — वेबसाइटच्या तयार सांगाड्यावर — चालतो ते फुकट, सगळ्यांचं. वेबसाइट बांधायला शिकणारा जो तो त्याच्या अधिकृत साइटवर आधी ‘इथून शिका’ हे पान उघडतो. तिथे एका भाषेला एकच धडेमाला. नाव लागलं की माझ्या क्लासला जाहिरात नको. आणि मराठीच्या जागेवर बसलंय कोण? दाढी! माझा जुना दोस्त दाढी. पहिल्या नोकरीत आम्हा दोघांत एक खुर्ची होती. कॉलेजचं तोंड मी पाहिलं नाही. हे काम शिकलो ते त्याच्या खांद्यावरून बघत बघत. तो अजून नोकरीतच. ऑफिस सुटलं की धडे लिहितो. फुकट!

जागा भरलेली आहे ना? होईल रिकामी.

५ मार्च

फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली. म्हणजे दाढीच्या प्रत्येक धड्यात काही ना काही शिळं झालं असणार. तिथला रिवाज असा — चूक दिसली की कोणीही उघड तक्रार नोंदवायची, लिहिणाऱ्याने ती दुरुस्त करून उत्तर द्यायचं. उत्तराविना तक्रारी साचल्या की धडे पानावरून खाली. दाढीला ओळखतो मी. एकही सोडणार नाही. आधी दमेल, मग मोडेल.

क्लासला गृहपाठ दिला: “दाढी सरांच्या धड्यांतल्या चुका शोधा. खऱ्या हं! खोटी एक चालणार नाही. आणि भाषा नम्र — ‘सर, आपले धडे फार आवडले, फक्त एवढंच…’” पोरं खूश. एवढा मजेदार गृहपाठ त्यांना कधी मिळालाच नव्हता.

६ मार्च

रांग लागली!

१६ मार्च

दाढीकडे जाऊन आलो. डोळे लाल, शर्टाची बटणं वरखाली. “पोरं काय बारीक वाचतात रे!” म्हणाला. मी म्हटलं, “जीव आहे त्यांचा तुझ्यावर. एकालाही ताटकळत ठेवू नकोस.”

स्वयंपाकघरात वहिनी बहिणीशी फोनवर हळू बोलत होत्या. पण माझे कान! — “पुढ्यातलं ताट गार होतं गं. माणूस घरात आहे, पण नाही.” चहा ठेवताना मला म्हणाल्या, “भावजी, तुम्ही तरी सांगा. तुमचंच ऐकतात.”

सांगतो म्हटलं. सांगितलंच होतं की!

२५ मार्च

दातांच्या डॉक्टरकडे बाकावर शेजारी कोण, तर दाढीचा साहेब. गाल सुजलेला. मी आपला गोड आवाजात — “मोठा माणूस आहे हो तुमच्याकडे. दिवसभर लोकांच्या अडचणी सोडवत असतो. कुणाकडून काही घेत नाही.”

“दिवसभर?” साहेबाने गालावरचा हात काढला.

तेवढ्यात माझा नंबर आला.

२ एप्रिल

दाढीची नोकरी गेली. मी बोटही लावलं नाही. फक्त स्तुती केली!

बायकोने विचारलं, “झोप लागते का हो तुम्हाला?” लागते. घोरतो, असं तीच सांगते.

४ एप्रिल

दाढीला म्हटलं, “माझ्याकडे ये. क्लासमध्ये शिकव. अट एकच — ते फुकटचे धडे बंद. उत्तरंबित्तरं बंद.”

वहिनींचे डोळे भरून आले. “भावजी, देवासारखे धावून आलात.” नको नको म्हणत मी हात जोडले. असं वागायला जमतं मला.

दाढी एवढंच म्हणाला, “सोमवारी येतो.”

क्लासला सांगून टाकलं, गृहपाठ संपला. माणूस आता आपला झाला, उगाच कशाला! साइटवाल्यांना माझा अर्ज पुन्हा पाठवला. धडे सांभाळणारा कोणी उरला नाही म्हटल्यावर जागा देतील नाहीतर काय करतील!

७ एप्रिल, सोमवार

साइटवाल्यांचं उत्तर सकाळीच आलं. सगळ्या भाषांत सर्वांत निर्दोष धडे मराठीचे. नोंदलेली प्रत्येक चूक दुरुस्त. बाकीच्या भाषांनी आता आपले धडे यांवरूनच करावेत. जागा कायम.

दाढी वेळेवर आला. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, “शेवटचा धडा तपासायचा राहिला की रे. पोरांना थांबवलंस कशाला?”