ढगाने दिशा बदलली

४ ऑगस्ट
अखेर निकाल हाती आला. तारे जिथे जन्मतात अशा एका ढगातल्या हायड्रोजन रेणूंच्या प्रकाशावरून वायूचा वेग मोजत चार वर्षे गेली. ऑक्टोबरच्या निरीक्षणात वायू आपल्याकडे येत होता. मार्चच्या निरीक्षणात तोच वायू तितक्याच वेगाने दूर जातोय. म्हणजे ढगाने दिशा बदलली. असे कोणी पाहिलेले नाही. माझ्या पीएच.डी.ला मुदतवाढ द्यायची की नोंदणी रद्द करायची, हे समिती पुढच्या महिन्यात ठरवणार. आता प्रश्नच नाही.

५ ऑगस्ट
आलेख माझे गाइड नंदीश सरांना व्हॉट्सअ‍ॅप केला. अंगठा आला. तज्ज्ञाची मान्यता मिळाली.

९ ऑगस्ट
शेजारच्या टेबलावरचा अल्तमश, माझ्याच बॅचचा. म्हणाला, "लाखो वर्षं गप पडलेला ढग तुझ्या पीएच.डी.साठी वळला व्हय गं?" मग म्हणे, पृथ्वीच सूर्याभोवती फिरताना कधी ढगाकडे जाते, कधी उलट, तिचा वेग वजा केलास ना? सॉफ्टवेअर ते आपोआप करते, असे सांगितले. हा फक्त संगणकावर ढगांची सिम्युलेशन करतो. खरी निरीक्षणे कधी हाताळलेली नाहीत. दुर्लक्ष.

१८ ऑगस्ट
ढगाच्या आसपासचे तारेही ऑक्टोबरमध्ये तेवढ्याच वेगाने जवळ येताना, मार्चमध्ये दूर जाताना दिसतात. आनंदाची बाब. परिणाम वाटला त्यापेक्षा मोठ्या प्रदेशावर आहे. एक स्लाइड वाढवली.

२ सप्टेंबर
गावाकडून, वैरागहून, आईचा फोन. "ढग कुटं पळून चाललाय व्हय? चार दिस घरी ये की." तोच तर मुद्दा आहे, म्हणाले. तिला कळले नाही.
ठराव: सॉफ्टवेअरची सेटिंग एकदा बघायची. औपचारिकता म्हणून.

११ सप्टेंबर
सेटिंग राहिली. स्लाइडचे रंग जुळत नव्हते. उद्या समिती.

१२ सप्टेंबर
समितीवर बाहेरून आलेल्या सुंदरम्मा मॅडमनी अल्तमशचाच प्रश्न विचारला. लॅपटॉप तिथेच उघडायला लावला. सेटिंग बंद होती. पृथ्वीचा वेग वजा केला. वायूचा वेग उरला शून्याच्या आसपास. तारेही जागेवर गेले. मॅडम म्हणाल्या, "बाळा, ढग कुठंच गेला नाही. फिरत होतो ते आपण." नंदीश सर फोनमध्ये बघत होते.
नोंदणी रद्द.

१५ सप्टेंबर
टेबल रिकामे केले. अल्तमशने माझा डेटा मागितला. सिम्युलेशनशी तुलना करायला त्याला काहीच न घडणारा ढग हवा होता, तो कुठे मिळत नव्हता. पासवर्ड दिला.
पेपरच्या शेवटी आभारात तुझे नाव घालतो, म्हणाला. मग आडनाव विचारले.