सप्रेम भेट दिलेला रहाट

संग्रामपूर,
१४ एप्रिल १९६४

प्रिय शरयू,

अक्षर ओळखलंस ना? अठरा वर्षांत ते आणखी देखणं झालंय. माझ्यात दुसरी काही सुधारणा नाही. शाळेत भूगोल शिकवतो, अकोल्याच्या साप्ताहिकात दर शुक्रवारी चार लोकांची टर उडवतो, आणि लग्नसराईत आहेराच्या भांड्यांवर नावं घालायची असली की कासाराला मजकूर लिहून देतो. गावात माझी खरी प्रतिष्ठा ह्या तिसऱ्या कामामुळे आहे. बाकी दोन्ही कामं कुणीही करेल, असं लोकांचं मत आहे आणि ते बरोबर असावं.

दिवाळीनंतर आमच्याकडे निळी मोटार आली. ‘ग्रामीण कल्पकता: फिरते प्रदर्शन’. पत्रकावर तळाशी प्रमुख म्हणून तुझ्या यजमानांचं नाव होतं. ते पत्रक मी अजून ठेवलंय. का, ते विचारू नकोस. मोटारीबरोबरच्या साहेबांनी शाळेत येऊन विचारलं, इथे कुणी काही नवं बनवलंय का? मी मोठ्या दिमाखात त्यांना सोजराबाईच्या मळ्यात नेलं. तुझ्या घरच्या माणसाच्या डोळ्यांखालून आमच्या गावची एखादी वस्तू जावी, एवढीच हौस होती.

सोजराबाईचा उजवा हात मनगटापासून सरकी काढायच्या जिनात गेला. तिचा नवरा मोतीराम वांगी-मिरच्या लावणारा माळी, शाळेचं तोंड न पाहिलेला. त्याने बाभळीच्या लाकडाचा रहाट केला आणि त्यात जुन्या सायकलीची दातेरी चकती बसवली. चकतीच्या दातांत एक पोलादी पट्टी अडकते, त्यामुळे दांडा मध्येच सोडला तरी भरलेली बादली मागे जात नाही. सोजराबाई एका हाताने चार फेरे फिरवायची, दम घ्यायची, कपाळाचा घाम पुसायची, पुन्हा चार फेरे. मोतीराम दोन वर्षांपूर्वी गेला, पण मळा हिरवाच राहिला. साहेब बघून इतके हरखले की त्यांनी टोपी काढली. म्हणाले, आठ दिवस द्या, तीन गावांत दाखवून परत आणतो. फॉर्म मी भरला. सोजराबाईचा अंगठाही मीच घेतला, डाव्या हाताचा, दुसरा नव्हताच.

आठ दिवसांचे दोन महिने झाले तेव्हा मोटार खामगावात असल्याचं कळलं. मी तिला घेऊन गेलो. आपलाच रहाट पाहायला ती रांगेत उभी राहिली. रहाट काचेच्या पेटीत, खाली पाटी: ‘ग्रामीण स्त्रीची कष्टमुक्ती. कारागीर अज्ञात.’ पेटीवर दुसरी पाटी, हात लावू नये. ती काचेशी वाकली तर पहारेकरी खेकसला. सोजराबाई त्याला म्हणाली, “मले एकच हात हाय बाप्पा, थो बी नाई लावू काय?” लोक हसले. शरयू, मीही हसलो. ही सवय फार वाईट.

मग मी अर्ज लिहिले, एकूण तीन. तिन्हींना उत्तरं आली, आपलं सरकार उत्तराला चुकत नाही. तिला वाचता येत नाही, तेव्हा वाचणारा मीच. तिन्ही वेळा तिच्या ओसरीवर बसून मी कागदाकडे पाहत वाचलं: पुढच्या महिन्यात पाठवत आहोत. कागदावर ते नव्हतं. काय होतं ते सांगतो, थोडा धीर धर. मलाही गोळा करावा लागतोय.

रंगराव सुताराने दुसरा रहाट करून पाहिला. दुसऱ्याच दिवशी पट्टी सुटली आणि दांडा उलटा फिरून तिच्या जबड्यावर बसला. तेव्हापासून ती दोर कमरेला बांधते आणि मोटेच्या बैलासारखी ओढते, फक्त विहिरीकडे तोंड करून, मागे मागे चालत. शेजारची कलाबाई म्हणते, पाणी मी भरून देते. तर ही म्हणते, “पुढच्या मयन्यात येतेच नं! मंग काऊन कोनाले तरास देऊ?” मळा बटाईने, पिकाच्या वाट्यावर, कसायला पुतण्या तयार आहे, त्यालाही हेच उत्तर. म्हणजे बघ, तिला त्या दोराला कुणी बांधलंय ते.

गेल्या मंगळवारी भरलेली बादली आतल्या कपारीवर टेकली, दोर सैल पडला आणि बादली एकदम खाली सुटली. हिसक्यासरशी ती फरफटत काठापर्यंत गेली. थोट्या हाताचं कोपर काठाच्या दगडात अडकलं म्हणून थांबली. कलाबाईने लुगडं धरून ओढली. मी पोचलो तेव्हा ती हळद लावून बसली होती. मला पाहून म्हणाली, “मास्तर, आता येतच असन नाई? तुमी वाचलं म्हनजे बरोबरच असन.” काल पहाटे ती पुन्हा दोर बांधून उभी होती.

आता ऐक. फॉर्मवर एक रकाना होता, वस्तू कोणत्या नात्याने दिली. तिथे ‘परतीच्या बोलीवर’ एवढंच लिहायचं होतं. पण साहेब टोपी काढून उभे, गाव जमलेलं, आणि दिल्या वस्तूवर काय लिहायचं ते माझ्या हाताला एकच ठाऊक. वळणदार अक्षरात मी लिहिलं, ‘सप्रेम भेट’. तिन्ही उत्तरांत तेच आहे: भेट दिलेली वस्तू परत करण्याची तरतूद नाही. एक मेनंतर पेटी दिल्लीला जाणार आहे. तुझ्या यजमानांची एक सही झाली तर रहाट परत येईल. तेही होत नसेल तर काच उघडून रंगरावाला एक दिवस मापं घेऊ देत. त्यांना सांग, चूक मास्तराची आहे, बाईची नाही. सोजराबाईला मी उद्या सांगणार आहे. हे वाक्य महिनाभर रोज म्हणतोय, म्हणून तुला लिहून ठेवतो, म्हणजे पाळावं लागेल.

तुझ्या लग्नात मी एक तांब्या दिला होता. त्यावरही हेच दोन शब्द होते आणि खाली माझं नाव. कासाराला मजकूर देताना दुसरं काही लिहायचं होतं, ते लिहिलं नाही. दिलेलं परत मागू नये, ही रीत मी अठरा वर्षं पाळली. एक ओळही पाठवली नाही. आज मागतोय. माझ्यासाठी नाही, एवढ्यावर विश्वास ठेव.

तुझाच,
भालचंद्र