ऑनलाइन दुकानातून भावकीची पानं काढण्याबाबत

मी, मारुती बाबूराव खांडभोर, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती व तांदूळविक्री, राहणार कार्ले, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी अक्कल ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी तांदळाचा भाव ठरवून पाहावा. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे आणि मरायची घाई नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी तसं दाखवलं तर ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी झुंबरबाई हिची. तिच्या मागे घर मुलगा आदिनाथ याचं. टीव्हीचा रिमोट तिच्याकडेच राहील, तसा तो आजही असतो.

कलम २. माझ्या वाट्याची भातखाचरं आदिनाथ आणि परंदवडीला दिलेली मुलगी पिंकी यांना निम्मी निम्मी. पिंकीने हक्क सोडावा म्हणून कोणी तिच्याकडे गोड बोलायला जाऊ नये. तांदूळ मोजायची पितळी पायलीही तिचीच. लहानपणी ती डोक्यावर घालून ही पोर घरभर फिरायची.

कलम ३. आमचं तांदळाचं ऑनलाइन दुकान. वकीलबाईंनी हे कलम एका ओळीत बसवलं होतं. मी बसू दिलं नाही.

दुकान माझ्या नावावर असलं तरी उभं केलं ते सून सारिका हिने. सुरुवातीला त्यात मोजकी पानं होती. इंद्रायणी तांदूळ, हातसडीचा तांदूळ, कण्या, पीठ, आणि भात मऊ कसा करायचा हे झुंबरबाईने सांगितलेलं एक. पुण्या-मुंबईच्या कोणी मोबाइलवर ‘मावळचा इंद्रायणी तांदूळ’ शोधला की आमचं दुकान वरच दिसायचं. हायवेला छत्री लावून बसायचं माझं तेव्हापासून सुटलं.

मग माझा चुलतभाऊ हौशीराम ओसरीवर बसून म्हणाला, “मारुती, पानं लय कमी हायेत. लग्नपत्रिकंत नावं जेवढी जास्त, तेवढी मांडवात गर्दी. हितंबी तसंच असनार.” आदिनाथला पटलं. भावकीतल्या एकेकाच्या नावाचं पान तयार होऊ लागलं. वर हात जोडलेला फोटो, खाली ‘शुभेच्छुक’, आणि त्याखाली तोच तांदूळ, तीच माहिती. एकाचं केलं म्हणून दुसरा रुसला, दुसऱ्याचं केलं तर तिसरा. हौशीरामने तर काळा चष्मा लावून फोटो काढला.

पुढच्या सुगीला दुकान खाली जात जात दिसेनासं झालं. कोथरूडच्या एका बाईंनी कसंबसं शोधून फोन केला, “अहो, तुमच्याकडे तांदूळ आहे की निवडणूक?” नवी पोती घरातच पडून राहिली. सारिका त्या दिवशी जेवली नाही.

तिने मला समजावलं ते इथे लिहितो, भांडणात उपयोगी पडेल. “आबा, पानं किती, याला किंमत न्हाई. गिऱ्हाईक जे शोधतंय ते पानावर पायजे. एकच मजकूर पन्नास पानांवर टाकला, तर त्यातलं कुठलं दाखवायचं हे गूगललाच कळंना व्हतं. मग एकबी नीट वर येत न्हाई.”

मी विचारलं, मग पानं वाढवायचीच नाहीत का?

“वाढवायची की. पोह्यांचं करू, जुन्या तांदळाचं करू. पर सांगायला कायतरी निराळं असंल तवाच.”

मला पटलं. एकाच पोत्याला पन्नास पाट्या मी कधी लावल्या नसत्या. पण सारिकाने हौशीरामच्या धाकट्या पोराचं एक पान काढून पाहिलं, तर “सुनेनं आमाला भावकीतनं काढलं” असं गावभर झालं. ते पान परत लावावं लागलं. मी आहे तोवर तिच्या पाठीशी आहे. मी गेल्यावर तिचं कोण ऐकणार, ही एकच काळजी मला आहे. म्हणून :

(अ) दुकान, त्याचं नाव आणि पासवर्ड सारिकाच्या एकटीच्या मालकीचे. आदिनाथने मदत करावी, सल्ला देऊ नये.

(ब) शुभेच्छुकांची सगळी पानं काढावीत. त्या पानांच्या जुन्या पत्त्यावर कोणी आलंच तर त्याला थेट तांदळाच्या पानावर आणून सोडावं. मात्र पुढे पोह्यांचं पान झालं की माल संपला म्हणून ते काढू नये, ‘सध्या शिल्लक नाही’ असं लिहावं. झुंबरबाईच्या भाताच्या पानाला कोणी हात लावायचा नाही. निम्मी गिऱ्हाइकं त्याच पानावरून आत येतात.

(क) माझं श्रद्धांजलीचं पान करू नये. फ्लेक्स हवा तेवढा मोठा लावा, पण चौकात.

(ड) “आमचंच का काढलं?” असं कोणी विचारू नये, म्हणून पहिलं पान माझं जाईल. ‘संस्थापक मारुतीभाऊ’ हे पान मला फार आवडायचं. त्या फोटोसाठी मी फेटा बांधून लोणावळ्याच्या स्टुडिओत गेलो होतो. मरेपर्यंत कशाला थांबायचं, आजच साक्षीदारांसमोर काढायला सांगितलं. सारिकाचा हात अडला, तेव्हा बटण मीच दाबलं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? तेवढ्यात झुंबरबाई म्हणाली, “बरं झालं. घरात रोज बगती तेवढं लय हाय.”

कलम ४. हौशीरामला काही ठेवलेलं नाही, कारण साक्षीदाराला काही देऊ नये असं वकीलबाई म्हणतात. त्याला साक्षीदार मी मुद्दाम केलं. नाहीतर मागाहून ‘मला ठाऊकच नव्हतं’ म्हणायला तो मोकळा. वरचा सगळा मजकूर त्यानेच मोठ्याने वाचला. काळ्या चष्म्यापाशी आला आणि थांबला. चहा घेतला, मग पुढचं वाचलं. आयुष्यभर आम्ही बांधावरून भांडलो, पण तो एक दिवस आला नाही तर मला करमत नाही. हेही त्यानेच वाचलं आहे.

येणेप्रमाणे माझी इच्छा. समजून, ऐकून, शुद्धीवर असताना सही केली.

मारुती बाबूराव खांडभोर
कार्ले, दिनांक १४ डिसेंबर २०२५

साक्षीदार :

१. अल्लाउद्दीन इब्राहिम तांबोळी, आमचा तांदूळ कुरिअरला पोचवणारे टेम्पोवाले, राहणार कार्ले. (सही)

२. हौशीराम गेनू खांडभोर, राहणार कार्ले. (सही)
माझ्यासमोर मारुतीनं सही केली. माझं पान काढायला हरकत न्हाई. त्याच्या मरायची वाट कशाला बघायची, सारिका, आत्ताच काढ. फोटो तेवढा मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव.