सकाळची फेरी कोणाच्या नावे

मी, उल्हास हंबीरराव लाड, वय वर्षे त्र्याहत्तर, पीण्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला फिटर, राहणार बसवनगुडी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप तेवढी नादुरुस्त आहे, आणि या वयात तिची दुरुस्ती करत बसायचे नाही असे मी डॉक्टरांशी बोलून ठरवले आहे. वकीलबाईंनी दिलेला नमुना एका पानाचा होता. त्यात माझे भागले नाही. घर आणि ठेवी वाटणे सोपे आहे. मला काळजी आहे ती एकाच गोष्टीची, की माझ्यानंतर माझ्या बायकोला रोज सकाळी फिरायला कोण नेणार. ते कलम ५ मध्ये येईल.

१. माझे राहते घर, तळमजला व वरचा मजला, माझ्या पश्चात पत्नी सौ. श्यामला हिच्या मालकीचे होईल, आणि तिच्या पश्चात मुलगी शाल्मली हिच्या. मात्र श्यामला हयात असेपर्यंत घरात नवी खुर्ची, टीपॉय, कुंडी वा शोभेची वस्तू तिला विचारल्याशिवाय आणू नये, आणि आहे ती वस्तू चार बोटेही सरकवू नये. शाल्मली, म्हैसूरहून आलीस की तासाभरात तू घर आवरायला घेतेस, म्हणून हे कायद्याच्या भाषेत लिहिले आहे.

२. बँकेतील सर्व ठेवी व शिल्लक श्यामलाची. तिने त्या खर्च कराव्यात, जपून ठेवू नयेत.

३. माझी मोजमापाची हत्यारे, त्यांच्या लाकडी फळीसकट, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू चि. वेदांत याला द्यावीत. हा मुलगा पुण्याचा, संगणकाच्या कंपनीत आहे. पहिल्याच महिन्यात त्याने आमचे रिकामे घर पाहिले: दोन खुर्च्या, एक पलंग, चार भांडी, मोकळ्या भिंती. तो म्हणाला, "काका, तुमचं मिनिमलिझम एकदम ऑथेंटिक आहे! कुठलं पुस्तक वाचलंत?" मग त्याने आमची चित्रफीत काढून जगाला दाखवली. बसवनगुडीतले विरक्त आजी-आजोबा, रोज पहाटे ध्यानस्थ फेरी, वगैरे. लोकांनी हात जोडलेली चित्रे पाठवली. मी गप्प बसलो आणि, खोटे कशाला बोलू, थोडा फुशारलोही.

खरे असे आहे की श्यामलाला दिसत नाही. काचबिंदू. आधी कडांकडून जग पुसत गेले, आता मधलेही गेले आहे. घर मी वैराग्याने रिकामे केलेले नाही, ती अडखळू नये म्हणून केले. कारखान्यात आमच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असे. पाना उचलला की त्याची जागा त्याची वाट बघे. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या असत आणि त्यांच्या आत कोणी काही ठेवलेले मला खपत नसे. तेच मी घरी आणले. अशा घरात मीठ, चष्मा, औषध काहीच शोधावे लागत नाही, आणि इतकी वर्षे मी भलत्याच पसाऱ्यात काढली हे मला तेव्हा कळले. वेदांतने ही खरी गोष्टही लोकांना सांगावी. मी एकदाच सांगितल्यावर जिन्यातले बूट त्याने पुन्हा कधी जिन्यात ठेवले नाहीत, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

४. आता जुना हिशेब. माझा धाकटा भाऊ बसवंत अकरा वर्षे माझ्याशी बोलत नाही, आणि चूक माझी आहे. आमच्या आईचे शिसवी कपाट या घरात होते. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला तिने आम्हा दोघांच्या उंच्या पेन्सिलीने नोंदल्या होत्या. एका दुपारी मी ते जुन्या सामानवाल्याला देऊन टाकले. बसवंत बोम्मसंद्र्याच्या कामावरून आला तेव्हा कपाट गाडीवर चढत होते. तो म्हणाला, "अण्णा, आईला रस्त्यावर काढलंस रे." मी म्हणालो, "माझं घर, माझी मर्जी."

बसवंता, त्याच्या आदल्या दिवशी श्यामलाचे कपाळ त्या कपाटाच्या कोपऱ्यावर फुटले होते. चार टाके पडले. न्हाणीघरात घसरली असे आम्ही सगळ्यांना सांगितले. डोळ्यांचे कोणाला कळू द्यायचे नाही असे तिने मला शपथेवर बजावले होते, कारण शाल्मलीचे लग्न ठरायचे होते आणि हा आजार घराण्यात उतरतो असे लोक म्हणाले असते. लग्न झाल्यावर सांगता आले असते. पण तोवर माझे नाक फार वर गेले होते. (शाल्मली, दर वर्षी डोळे तपासून घे. ही विनंती नाही.)

आणखी एक. तू लोकांकडे म्हणतोस, वहिनीसुद्धा पार्कात समोरून जाते आणि बघत नाही. कृष्णराव पार्कात आम्ही उजवीकडून फिरतो, तू मुद्दाम डावीकडून. दर फेरीला तू समोर येतोस आणि जमिनीकडे बघत निघून जातोस. ती तुला चपलांवरून ओळखते. रोज म्हणते, "भावजी गेले." रोज हसते. पण ती हसेपर्यंत तू चार पावले मागे गेलेला असतोस. तिला हाक मारावीशी वाटायची. मीच कोपर दाबून गप्प करायचो. या एका गोष्टीची मला लाज वाटते.

५. तिची सकाळची फेरी मी माझा भाऊ बसवंत याच्या नावे करतो. सोबत त्या कपाटाची पितळी किल्ली देतो. ती मी त्या दिवशी काढून ठेवली होती.

फेरी अशी. सहाला निघायचे. रहदारीच्या बाजूला आपण. तिने आपला कोपर धरायचा, आपण तिला धरायचे नाही. ती सामान नव्हे. पायरी आली की "पायरी" म्हणायचे, फूटपाथची फरशी निघालेली असेल तर "खड्डा". गांधी बाजारात भाग्यलक्ष्मी फुले मांडत असते. "अक्का, स्वल्प निल्लि," म्हणून ती थांबवते आणि रोज एक वेगळे फूल श्यामलाच्या नाकाशी धरते. तिथे घाई करू नये.

वाटेत दिसेल ते सांगायचे, पण रोज तीनच गोष्टी. सुरुवातीला मी सगळेच सांगायचो; ती म्हणाली, "अहो, रेडिओ बंद करा. तीन सांगा, नीट बघून सांगा." तेव्हापासून मी बघायला शिकलो. चौतीस वर्षे मी कंपनीच्या बसमध्ये झोपून पीण्याला गेलो आणि हे गाव पाहिलेच नाही. बासष्टाव्या वर्षी मला कळले की जानेवारीत आमच्या कोपऱ्यावरचे झाड गुलाबी होते, आणि मारुतीच्या देवळाचा पुजारी सायकलवर बसण्याआधी सायकलच्या पाया पडतो. खोटे सांगू नये, ती ओळखते. मोबदल्यात ती वास सांगते, पावसाची दिशा सांगते. या अकरा वर्षांसाठी मी देवाचा आभारी आहे, आणि तिचा त्याहून जास्त.

बसवंत नाही म्हणाला तर त्याला दोष देऊ नये. पण कलम ४ आणि ५ मी मेल्यावर उघडू नयेत. सहीच्या आधी, मी समोर असताना, त्याला वाचायला द्यावीत.

६. (सहीच्या दिवशी जोडलेले.) बसवंत आला. चौथे कलम त्याने दोनदा वाचले. श्यामला म्हणाली, "भावजी, चपला बदलल्यात का? सोमवारपासून आवाज वेगळा येतोय." तेव्हा तो रडला, आणि मीही.

साक्षीदार मी होतो, असे बसवंत म्हणाला तेव्हा वकीलबाईंनी सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. त्या स्वतः दुसऱ्या साक्षीदार होणार होत्या. बसवंताने त्यांच्या हातून पेन घेतले आणि म्हणाला, "सरी, ठीक आहे, मग कलम पाच खोडा. वहिनीला फिरवायला मला कागद लागत नाही." सबब कलम ५ मधील बसवंताच्या नावची नेमणूक व देणगी रद्द. किल्ली मी आजच त्याच्या हातात दिली आहे. फेरीच्या सूचना तशाच ठेवल्या आहेत, कारण तो विसराळू आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, श्यामलाला मोठ्याने वाचून दाखवून, खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही केले.

ठिकाण: बसवनगुडी, बेंगळुरू
दिनांक: १४ जानेवारी २०२६

सही: उल्हास हंबीरराव लाड

साक्षीदार १: भाग्यलक्ष्मी, फुलविक्रेती, गांधी बाजार (सही कन्नडमध्ये)

साक्षीदार २: बसवंत हंबीरराव लाड
माझ्या हाताने एवढेच लिहितो: उद्या सहाला गेटपाशी येतो. अण्णा, तूही चल. पहिले काही दिवस तू सांग, मी ऐकतो.