शिंपीकाकांची दोन बोटं

नागपूर, मंगळवार, १६ डिसेंबर १९६९

गॅदरिंगची टाइट कमीज आज मिळाली. शिंपीकाकांना मासिकातलं नटीचं चित्र दाखवलं होतं; तिच्यासारखी कंबर दिसावी म्हणून माप देताना मी श्वास रोखून पोट आत ओढलं होतं. मग आठवडाभर रात्री जेवले नाही. तरी धाकधूक होतीच, अंगात शिरलीच नाही तर? आज घातली, आणि नीट बसली. श्वास घेऊनसुद्धा!

शिंपीकाका मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "हे चित्र आणणारी हरेक पोरगी श्वास रोखते वं. मले मालूम असते. मी दोन बोटं वाढवूनच कापतो."

हरेक पोरगी? म्हणजे वर्गातली ती सडपातळ सुमनसुद्धा?

आईजवळ तिसरी पोळी मागितली. खाताना वाटलं, फोटो काढताना त्या नटीनेही श्वास रोखलाच असेल.